स्त्रीधनाची पेटी

राजांच्या खजिन्यांचा इतिहास पुष्कळांनीं लिहिला आहे. कोणत्या किल्ल्यांत किती होन निघाले, कोणत्या स्वारींत किती मोहरा हातीं लागल्या, ह्यांचीं टिपणें बखरकारांनीं ठेविलीं आणि मागाहून संशोधकांनीं तीं ताडून पाहिलीं. पण माजघरांतल्या कोनाड्यांत किंवा फडताळाच्या वरच्या फळीवर जी हातभर लांबीची लांकडी पेटी असे, आणि जिच्यांत घरांतील बायकांचे डाग ठेवलेले असत, तिची विचारपूस करावी असें फारशा कोणाच्या मनांत आलेलें दिसत नाहीं. ही उणीव भरून काढण्याचा आव आम्ही आणीत नाहीं. परंतु राहात्यासारख्या गांवीं हल्लीं कित्येक हौशी गृहस्थ पडवींत एखादें बांक मांडून सुतारकाम करितात. त्यांपैकीं ज्यांस मुलीकरितां किंवा सुनेकरितां अशी एखादी पेटी आपल्या हातानें करावयाची असेल, त्यांस आपण कोणती वस्तु घडवीत आहों हें कळावें, एवढ्या हेतूनें हीं चार पानें लिहीत आहों.

आधीं नांवें पाहूं. ‘करंड’ हा संस्कृत शब्द मूळचा वेळूच्या टोपलीचा. मराठींत येतां येतां तो आकसला आणि करंडा म्हणजे कुंकवाची चिमुकली डबी झाली. ‘पेटी’ व ‘पेटारा’ हीं भावंडेंही टोपल्यांच्याच कुळांतलीं. ‘संदूक’ अरबस्तानची, ती मुसलमानी अमलांत दफ्तरांच्या व कापडांच्या मागोमाग आपल्याकडे आली आणि येथलीच होऊन बसली. ‘मंजूषा’ मात्र कवींच्या घरींच राहिली; तिला कोणीं कुलूप लावल्याचें ऐकिवांत नाहीं. ह्या नांवांवरून असें अनुमान निघतें कीं, मौल्यवान वस्तूचें आमच्याकडील पहिलें घर विणलेलें होतें, सांधलेलें नव्हतें. सुताराच्या हातची जी पेटी मध्यम स्थितीच्या घरांत सर्वत्र आढळे ती फणेरपेटी. तिच्या झांकणास आंतून आरसा बसविलेला असे, आणि आंतल्या खणांत फणी, कुंकू, मेणाची डबी व काजळ इतकें साहित्य राही. बायकांचे नेहमींचे चार डाग रात्रीं उतरून ठेवण्याची जागा बहुधा हीच. दागिन्यांची स्वतंत्र पेटी ही ह्या फणेरपेटीचीच थोरली बहीण होय, असें आम्हांस वाटतें.

पेटींत पेटी ठेवण्याची चाल मात्र फार जुनी आहे. वसईजवळ सोपारें येथें लोक ज्यास ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत तो उंचवटा पंडित भगवानलाल इंद्रजी ह्यांनीं १८८२ सालीं उकरला, तेव्हां तो बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटांत दगडाचा एक मोठा करंडा होता. त्याच्या आंत बुद्धमूर्तींनीं वेढलेली तांब्याची डबी, तिच्या आंत रुप्याची, तिच्या आंत दगडाची, मग स्फटिकाची आणि सर्वांच्या आंत सोन्याची. आणि त्या सोन्याच्या डबींत मातीच्या भिक्षापात्राच्या खापऱ्या! सोनें बाहेर ठेवून खापरी आंत ठेवणाऱ्या त्या लोकांची मोलाची कल्पना आपल्याहून अगदीं निराळी होती. तरी पेटी म्हणजे काय हें त्यांस नेमकें ठाऊक होतें. बुरुडाचें नांव त्या जागेस लोकांनीं कां दिलें असेल तें असो. करंड्याचा मूळ कारागीर तोच, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

दागिन्यांच्या पेटीवर एक सबंध नाटक रचिलें गेलें आहे, हें वाचकांस सांगणें नको. शूद्रकाचें ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनीं मराठी रंगभूमीवर आणल्यापासून वसंतसेनेची ठेव महाराष्ट्रांत घरोघर माहीत झाली. परंतु त्या कथेंत एक गोष्ट बहुधा नजरेआड होते. वसंतसेना आपले डाग चारुदत्ताच्या घरीं ठेव म्हणून ठेविते. रात्रीं शर्विलक भिंतीस खिंडार पाडून आंत शिरतो. आणि ज्याच्या ताब्यांत ती ठेव आहे तो मैत्रेय झोंपेंत बरळत ती आपण होऊन चोराच्या हातीं देतो. आतां ह्या ठेवीची भरपाई कोणीं केली? चारुदत्त तर निर्धन. त्याची बायको धूता आपल्या माहेरून मिळालेली रत्नांची माळ काढते, आणि नवऱ्याचा अभिमान दुखावूं नये म्हणून व्रताच्या दानाचें निमित्त करून ती मैत्रेयाच्या हातीं देते. एका बाईची पेटी पुरुषांच्या गाफीलपणानें गेली आणि दुसऱ्या बाईच्या पेटीनें ती भरून निघाली. नाटककारानें ह्यावर टीका केली नाहीं. चारुदत्ताचें औदार्य सगळे वाखाणतात. पण तें कोणाच्या मालावर चाललें होतें, हें एकदां पाहून घेतलें पाहिजे.

धूतेनें दिलें तें तिचें स्वतःचें होतें, ह्यांत शंका नाहीं. मनूनें स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत: विवाहाग्नीसमोर मिळालेलें, सासरीं जातांना मिळालेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि भाऊ, आई व बाप ह्यांच्याकडून आलेलें. ज्या काळीं जमीन, घर, गुरें ह्यांवर बाईचा हक्क नांवापुरताही नव्हता, त्या काळींही ह्या सहा वाटांनीं आलेलें धन तिचें मानलें जाई. मात्र ह्या कुलपाची एक किल्ली शास्त्रकारांनीं नवऱ्यापाशीं ठेविली होती. याज्ञवल्क्य म्हणतो कीं दुष्काळांत, धर्मकार्यांत, आजारांत किंवा कैदेंत सांपडल्यास नवऱ्यानें स्त्रीधन घेतलें तर तें परत करण्यास तो बांधलेला नाहीं. चार अडचणींची ही यादी वाचून आम्हांस असें वाटतें कीं, सामान्य कुणब्याच्या आयुष्यांत ह्या चार अडचणींवांचून राहिलेले दिवस ते कितीसे असणार?

त्यांतल्या पहिल्या अडचणीचा पुरावा नगर जिल्ह्यानें अनेकदां दिला आहे. १८७६ व १८७७ सालांच्या दुष्काळांत दख्खनच्या गांवोगांवचे चांदीचे तोडे, वाळे व गोठ विकले गेले, आणि मुंबईच्या टांकसाळींत वितळण्याकरितां येणारी दागिन्यांची चांदी सरकारी हिशेबांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली. सोनें थोड्यांच्या घरीं असे. चांदी बहुतेकींच्या अंगावर असे, आणि तीच आधीं गेली. त्याच्या अगोदर एकच वर्ष, मे १८७५ मध्यें, पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें कुणब्यांचा दंगा उसळून तो नगर जिल्ह्याच्या पारनेर, श्रीगोंदें, नगर व कर्जत ह्या तालुक्यांत पसरला होता. त्या दंग्यांत लोकांनीं सावकारांकडून मागितले ते रोखे. ते हातीं आल्यावर जाळले. प्रत्येक गांवांत तेव्हां दोन पेट्या होत्या असें म्हणावयास हरकत नाहीं: एक सावकाराची, कागदांनीं भरत जाणारी, दुसरी कुणबिणीची, रिकामी होत जाणारी. इतिहासांत पहिलीची नोंद झाली, कारण तिच्यासाठीं चौकशीची समिति बसली आणि १८७९ चा कायदा झाला. दुसरीच्या वांट्याला टांकसाळीचे आंकडे तेवढे आले.

राहाता हें गांव त्या वेळीं कोपरगांव तालुक्यांत होतें. त्याचा निराळा तालुका १९९९ सालीं झाला. नगरहून मनमाडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचें, बाजाराचें, काळ्या जमिनीचें, पण पावसाच्या बाबतींत बेभरंवशाचें असें हें गांव. गोदावरीचे कालवे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तयार झाले आणि ह्या मुलखाचें रूप पालटलें. ऊंस आला, पुढें पेरूच्या बागा आल्या. जवळच लोणी येथें विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या खटपटीनें सहकारी साखर कारखाना उभा राहून १९५० पासून गाळप करूं लागला. पाण्याबरोबर पैसा आणि पैशाबरोबर सोनें हा क्रम सर्वत्र सारखाच आहे. ज्या घरीं आजीच्या पायांतले चांदीचे तोडे दुष्काळांत गेले, त्या घरीं नातीच्या हातांत सोन्याच्या पाटल्या आल्या. आणि पाटल्या आल्या म्हणजे पेटी हवी झाली.

गांवच्या सुताराकडे ही पेटी बलुत्यांत होत नसे, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. त्रिंबक नारायण आत्रे ह्यांनीं १९१५ सालीं प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ ह्या ग्रंथांत बलुतेदारांच्या हक्कांचें व कामांचें जें वर्णन आहे त्यावरून दिसतें कीं, सुताराचें बलुतें मुख्यतः शेतीच्या आउतांचें: नांगर, कुळव, पाभर नीट चालते ठेवणें. पलंग, पेटी, पाळणा हें काम वेगळ्या मजुरीचें. तें सुगी आटोपल्यावर, सवडीनें व्हावयाचें. म्हणून जुन्या खेडवळ पेट्या पाहिल्या तर त्यांत गाडी जोडणाऱ्या हाताची छाप दिसते. फळ्या जाड, सांधे धिप्पाड, कोयंडा लोहाराचा. आणि वजन असें कीं भरलेली आहे कीं रिकामी हें उचलणाऱ्यास कळूं नये. चोराच्या दृष्टीनें हा गुणच म्हणावयाचा.

नाजूक काम शहरांत होई, पण तें आमच्या घरांकरितां नव्हे. इराणांतील शिराज शहराची जडावाची एक कला सिंधमार्गें सुरतेस व मुंबईस येऊन पोंचली होती. हस्तिदंत, शिंग, काळें लांकूड, पतंगाचें तांबडें लांकूड आणि कथिलाची तार ह्यांच्या बारीक तिकोनी कांड्या सरसानें एकत्र चिकटवून जुडी करावयाची, आणि काकडीच्या चकत्या काढाव्या तशा त्या जुडीच्या पातळ चकत्या कापून चंदनाच्या पेटीवर डकवावयाच्या. प्रत्येक चकतींत तेंच नक्षत्र उमटलेलें. ह्या पेट्या पुढें ‘मुंबईच्या पेट्या’ म्हणूनच विलायतेंत ओळखल्या जाऊं लागल्या, १८५१ च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनांत मांडल्या गेल्या, आणि जॉर्ज बर्डवुड ह्यांनीं १८८० सालच्या आपल्या पुस्तकांत त्यांची कृति वर्णिली. घेणारे साहेबलोक, आंत राहावयाचीं त्यांच्या मडमांचीं पत्रें, हातमोजे व शिवणाचें सामान. कारागिरी अस्सल, यांत वाद नाहीं. तथापि जिच्यांत नथ ठेवण्याजोगा एक खोल खण नाहीं तिला आम्ही आमची पेटी म्हणणार नाहीं. त्याच सुमारास आमच्याकडील पेट्या उलट दिशेनें प्रवास करीत होत्या: नागपूरचें राज्य खालसा झाल्यावर भोसल्यांच्या राजवाड्यांतील जडजवाहीर कलकत्त्यास नेऊन लिलावांत विकलें गेलें. राण्यांच्या खासगीचें काय आणि राज्याचें काय, हा भेद करण्याची तसदी त्या वेळच्या अधिकाऱ्यांनीं नीट घेतली नाहीं. स्त्रीधनाचा प्रश्न राजवाड्यांतही झोंपडीइतकाच अवघड निघाला.

पुढें लोखंड आलें. मुंबईस गोदरेजांनीं १८९७ पासून कुलपें व पांच वर्षांनीं तिजोऱ्या करण्यास आरंभ केला, आणि जोखमीचा माल लांकडांतून निघून पोलादांत जाऊं लागला. त्यानंतर तो बँकेच्या तळघरांत गेला. १९६३ च्या जानेवारींत सोन्याच्या नियंत्रणाचे नियम निघून चौदा कॅरटांहून अधिक कसाचे नवे दागिने घडविण्याची बंदी झाली, तेव्हां तर पेटीबरोबर सोनाराचीही गरज उरते कीं नाहीं असें वाटूं लागलें होतें. पुष्कळ सोनार उघडे पडले. १९६८ चा कायदा १९९० सालीं रद्द झाला आणि सोनें पुन्हां मोकळें झालें. ह्या सगळ्या उलाढालींहून महत्त्वाची गोष्ट आमच्या मतें १९८५ ची होय. प्रतिभा राणी ह्यांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें असा निर्णय दिला कीं, स्त्रीधन ही बायकोची पूर्ण मालकीची वस्तु. सासरीं तें नवऱ्याच्या ताब्यांत असलें तरी तो ठेव सांभाळणारा आहे, धनी नव्हे, आणि तें त्यानें लाटलें तर तो फौजदारी गुन्हा होतो. चारुदत्तानें जें न सांगतां ओळखलें होतें तें सांगावयास न्यायालयाची गरज लागावी, ह्याचा खेद मानावा कीं अखेर सांगितलें गेलें ह्याचा आनंद मानावा, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. लोखंडाची तिजोरी घरांत असली तरी रोजच्या वापराच्या डागांस लांकडाइतकें सोयीचें घर नाहीं, आणि तें घरीं करणें मध्यम हाताच्या माणसास अशक्य नाहीं. लांकूड सागाचें घ्यावें. त्याच्या अंगच्या तेलामुळें त्याला वाळवी सहसा धरीत नाहीं, आणि हवा पालटली तरी तें थोडें हलतें. राहात्याच्या भोंवतीं बाभूळ वाटेल तितकी. पण ती औतास आणि गाडीस शोभते, रंध्यास दाद देत नाहीं. पेरूचें लांकूड बारीक रव्याचें व चिवट असतें, परंतु त्याची रुंद फळी निघत नाहीं. झांकणाची मूठ किंवा खुंट्या त्याच्या कराव्या. उत्तम साग मिळण्याची खरी जागा म्हणजे उतरविलेले जुने वाडे. त्यांच्या तुळया पन्नास वर्षें छपराखालीं वाळलेल्या असतात. मात्र त्यांत दडलेले खिळे लोहचुंबक फिरवून आधीं काढावे, नाहींतर रंध्याचें पातें पहिल्याच झटक्यास दांतरे होतें.

फळी कापण्यापूर्वीं डाग मोजावे. हें उलटें वाटेल, पण पेटी बाहेरून आंत न आखतां आंतून बाहेर आखावयाची असते. पाटल्यांच्या व गोठांच्या घेराप्रमाणें एक खण, ठुशी व वज्रटीक सरळ पडून राहील असा एक लांबट खण, नथीस वेगळा खोल खण, आणि हिऱ्याच्या कुड्या असतील तर त्यांस अगदीं स्वतंत्र जागा. कारण हिरा शेजारच्या सोन्यास ओरखडे पाडल्यावांचून राहात नाहीं. मोत्यास घामाचें वावडें आहे. मऊ सुती फडक्यानें पुसूनच तीं ठेवावीं. अस्तर लोकरीचें कधींही लावूं नये. लोकरींत गंधक असतो, आणि गंधकानें चांदी काळवंडते. इरकली लुगड्याचा जुना पदर किंवा खणाचें कापड उत्तम. पेटीचे खण खणानें मढवावे, हें भाषेलाही मानवतें.

बारा तसू लांब, आठ रुंद व साडेपांच उंच, फळी अर्ध्या तसूची, हें माप साधारण घरास पुरेसें होतें. मागची, डावी, समोरची व उजवी अशा चारी बाजू एकाच फळींतून ओळीनें कापाव्या, म्हणजे लांकडाच्या रेघा कोंपऱ्यावरून न तुटतां पुढें वळतात. तीन कोंपऱ्यांवर हा मेळ बसतो; चौथ्यावर बसत नाहीं, तो कोंपरा मागें भिंतीकडे करावा. सांधा पारव्याच्या पसरलेल्या शेपटीच्या आकाराचा, एक फळी दुसरींत गुंतविणारा करावा. खिळा कालांतरानें गंजतो व सुटतो; ही शेपटी ओढल्यानें उलट घट्ट होते. ती आधीं करवतीनें रेघेच्या आंतल्या अंगास कापावी आणि उरलेलें पटाशीनें दोन्ही बाजूंनीं मधोमध येईपर्यंत काढावें. येथें घाई करणाऱ्याचा सांधा आयुष्यभर त्याच्याकडे पाहात राहतो.

तळ व झांकणाची फळी हीं खांचेंत सैल बसवावीं. त्यांस सरस लावूं नये. लांकूड लांबींत जवळजवळ हालत नाहीं, पण रुंदींत फुगतें व आकसतें. आठ तसूंची सागाची फळी वैशाख व श्रावण ह्यांच्या दरम्यान सुमारें अर्धें सूत हालते. तिला चिकटवून जखडली तर ती स्वतः तरी फुटते, नाहींतर चौकट तरी फोडते. जुन्या पेट्यांच्या तळास मधोमध जी उभी चीर दिसते ती ह्या एका चुकीची. सहाही बाजूंनीं बंद अशी पेटी सांधून वाळल्यावर वरच्या दीड तसूवर रेघ मारून ती भोंवतालून करवतीनें कापावी. म्हणजे झांकण व पेटी एकमेकांचींच असतात. मात्र ही रेघ सांधे पाडण्याच्या आधींच आखून त्या जागची शेपटी करवतीच्या जाडीइतकी रुंद ठेविली पाहिजे. बिजागरीचे पितळी स्क्रू मऊ असतात. भोंकांत प्रथम त्याच मापाचा पोलादी स्क्रू फिरवून वाट करावी, मग पितळी बसवावा. बाहेरून चपडी लाख स्पिरिटमध्यें विरघळवून फडक्यानें पातळ पातळ हात द्यावे. आंतून तेल लावूं नये. तें खवटतें आणि अस्तरास डाग पडतात.

चोरकप्पा करावा कीं नाहीं, असें पुष्कळ विचारितात. करण्याची मौज मोठी आहे, ह्यांत संशय नाहीं. पण जी पेटी काखेंत मारून नेतां येते तिच्या दुहेरी तळानें चोर अडत नाहीं. कुलूपही शिष्टाचाराचें असतें. तें घरच्या माणसांस सांगतें कीं हें विचारल्यावांचून उघडावयाचें नाहीं, आणि तेवढेंच त्याचें काम. कुलुपाबरोबर दोन किल्ल्या येतात. दुसरी ‘असूं द्या’ म्हणून बापाच्या किंवा सासऱ्याच्या खिशांत जाते. ती चाल आम्हांस पसंत नाहीं.

राहात्याच्या हवेंत ह्या कामास दिवाळीनंतरचे दिवस चांगले. उन्हाळ्यांत केलेली पेटी पहिल्या आषाढांत आवळते, झांकण अडूं लागतें, आणि करणारा घाबरून रंधा हातीं घेतो. तसें करूं नये. मार्गशीर्षापर्यंत थांबावें, थंडीची कोरडी हवा पडली कीं झांकण आपोआप सुटें होतें. तरीही अडत असेल तर कोणत्या कडेस घासतें तें खडू लावून पाहावें आणि तेवढ्याच जागीं कानशीचा एक हात फिरवावा.